‘बैजू बावरा’: तलवार उगारलेला हात आणि माझं गाणं

जनकगंज

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात लहान मुलांना गाणं शिकवते. आमच्या घरात गाणारं कुणी नव्हतं. वडील ए. जी. ऑफिसात (महालेखाकार कार्यालयात), आई घर सांभाळून शिवणकाम करायची, आजोबा भजनाला जायचे, बास. शहर मात्र असं की गल्लीतल्या कुठल्या तरी माडीवरून तंबोरा ऐकू यायचाच, आणि तो आपल्यासाठी नाही असं धरून आम्ही खालून निघून जायचो. त्या माडीचा जिना मी चढले तो एका सिनेमामुळे. विजय भट्टांचा १९५२चा ‘बैजू बावरा’. मी पाहिला तो खूप नंतर, १९७०च्या दशकाच्या अखेरीला. तेव्हा महाराज बाडा या चौकाजवळच्या टॉकीजमध्ये जुने चित्रपट सकाळच्या खेळाला लागायचे. आजोबांना रफीचं मालकंस रागातलं भजन पडद्यावर पाहायचं होतं, आणि सोबतीला मी.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. तानसेनाच्या वाड्यापाशी कुणी गायचं नाही असा दंडक असतो. बैजूचे वडील गात जातात, पहारेकरी अडवतात, झटापटीत ते जखमी होतात आणि जाताना मुलाकडून सुडाचं वचन घेतात. बैजू मोठा होतो, गौरीच्या प्रेमात वचन मागे पडतं, पुन्हा वर येतं. शेवटी अकबराच्या दरबारात दोघांचा सामना होतो, बैजूच्या गाण्यानं संगमरवर वितळतो, आणि जिंकल्यावर तो तानसेनाचा जीव वाचवायची विनंती करतो.

सिनेमा आवडलेल्या माणसांना बहुतेक हा सामना आठवतो. मला त्याच्या बऱ्याच आधीचा प्रसंग धरून बसला. बैजू तलवार घेऊन रात्री तानसेनापर्यंत पोहोचतो. तानसेन गात असतो. बैजू हात उगारतो आणि हात खालीच येत नाही. तो ऐकायला लागलेला असतो. अखेर तलवार पडते ती तंबोऱ्यावर. तानसेन स्वतःच्या जिवाला घाबरत नाही, त्याला तंबोऱ्याचं वाईट वाटतं. आणि तो बैजूला सांगतो की मला मारायचं असेल तर सुरांनी मार, तुझ्या दुःखानं भरलेल्या सुरांनी.

लहान मुलीला यातलं किती कळतं? मला एवढंच कळलं की ज्याच्यावर इतका राग आहे त्याचं गाणं चांगलं असू शकतं, आणि ते चांगलं आहे हे रागावलेल्या माणसालाही नाकारता येत नाही. त्या वयात मी वर्गातल्या एका मुलीशी बोलत नव्हते. ती माझ्यापेक्षा बरी गायची. घरी येऊन मी आजोबांना म्हटलं, मला गाणं शिकायचंय. त्यांना वाटलं मला बैजूसारखा दगड वितळवायचाय. मला तानसेनासारखं गायचं होतं, कुणाचा हात अडेल असं.

माधव संगीत महाविद्यालयात शिकलेल्या एक बाई आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. (हे विद्यालय १९१८चं, माधवराव शिंद्यांनी काढलेलं, पंडित भातखंड्यांच्या आखणीवर. राजाभैय्या पूंछवाले त्याचे प्राचार्य होते.) आजोबांनी मला त्यांच्याकडे नेलं. बाईंनी सिनेमाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “संगमरवराचं नंतर बघू गं. आधी षड्ज लागू दे.” मग नुसता षड्ज, म्हणजे सा. मग अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे. मग यमन राग, आणि यमनच. ग्वाल्हेरच्या गायकीत बंदिश आधी नीट मांडायची, स्थायी-अंतरा पूर्ण म्हणायचा, त्यानंतर आलाप, बोल आणि तान. चमत्काराची घाई नसते. मी अनेकदा रडले. पण पुन्हा जायचे, कारण बाई स्वतः गायला लागल्या की माझं सगळं चिडणं ओसरून जायचं. सिनेमातला तो प्रसंग माझ्यासमोर दर आठवड्याला घडत होता.

मी मैफिलीची गायिका झाले नाही. तेवढा आवाज नाही आणि त्याची मला खंत नाही. मी शिकवते, आणि शिकवण्याची माझी रीत थेट त्या चित्रपटातून आली आहे. दोन मुलं समोरासमोर बसवते. एकानं भूप रागात लहानशी ओळ म्हणायची. दुसऱ्यानं, पहिला ज्या स्वरावर थांबला तिथूनच उचलायचं. एवढा एकच नियम. समोरच्याचं ऐकलं नाही तर सुरुवातच करता येत नाही, आणि मनात आधीपासून ठरवून ठेवलेली तान तिथे चालत नाही. सुरुवातीला मुलं एकमेकांना अवघड जागी आणून सोडतात, मुद्दाम निषाद किंवा मध्यमावर, जे भूपात येतच नाहीत. मग त्यांना कळतं की असं केलं तर दोघांचंही गाणं बुडतं. काही महिन्यांनी तीच मुलं समोरच्याला पुढे नेता येईल अशा जागी आणून ठेवायला लागतात. हे मी शिकवत नाही, ते आपोआप होतं, आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

माझ्या वर्गात नंबर नाहीत. स्पर्धेला मी मुलं पाठवत नाही. पालक विचारतात, तेव्हा मी त्यांना हा सिनेमा पाहायला सांगते.

तुमच्या लहानपणी असा एखादा गाण्यांचा चित्रपट होता का, ज्यानं पुढचं काही ठरवलं? लिहा. मला मनापासून वाचायचं आहे.

---

तीनताल

फार आवडलं. त्या दरबारातल्या जुगलबंदीबद्दल थोडं लिहितो, कारण माझं बालपण त्या एका ध्वनिमुद्रिकेवर गेलं. राग देसी. आरोहात, म्हणजे चढत्या स्वरांत, गंधार आणि धैवत वर्ज्य, दिवसाच्या दुसऱ्या प्रहरातला. बैजूसाठी पंडित द. वि. पलुसकर गायले आहेत आणि तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ. एक आवाज लख्ख, मोकळा आकार, तान अशी की प्रत्येक स्वर सुटा दिसावा. दुसरा खर्जातून, खालच्या सुरांतून उठणारा, भारदस्त, आतल्या आत फिरणारा. संगीतकार नौशादनी हे दोन आवाज समोरासमोर आणले इथेच अर्धं काम झालं. पडद्यावर बैजू म्हणून भारत भूषण आहे हे मी गाणं ऐकताना विसरतोच.

आणि एक गंमत ग्वाल्हेरकरांसाठी. पलुसकर म्हणजे विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. विष्णु दिगंबर शिकले मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, बुवा शिकले वासुदेवबुवा जोश्यांकडे, आणि वासुदेवबुवा ग्वाल्हेर घराण्याच्या जुन्या उस्तादांच्या, हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेतले. म्हणजे सिनेमात ग्वाल्हेरचा तानसेन हरतो, पण जिंकणाऱ्या बैजूच्या गळ्यात गायकी ग्वाल्हेरचीच आहे.

---

राजवाडा_चौक

आणि हरणाऱ्या तानसेनाच्या गळ्यात आमचं इंदूर! अमीर खाँसाहेब इंदूरचे हो. वडील शहामीर खाँ होळकर दरबारी सारंगी आणि बीन वाजवायचे. माझे काका सांगायचे की इंदूरच्या माणसाला तो सामना ऐकताना कुणाच्या बाजूनं व्हावं हेच कळायचं नाही. बैजू जिंकायला पाहिजे, पण आपला आवाज का म्हणून हरावा?

माझं आयुष्य या चित्रपटानं नाही बदललं, पण कान बदलला. इथून मी १९५५चा ‘झनक झनक पायल बाजे’ आणि १९५९चा ‘गूँज उठी शहनाई’ शोधत गेलो, कारण दोन्हींत खाँसाहेब आहेत. तिथून त्यांच्या मारवा आणि दरबारी या रागांच्या रेकॉर्डपाशी आलो आणि तिथेच राहिलो. झुमरा तालातला तो अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीचा ख्याल पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं की काहीच घडत नाहीये. आता रोज रात्री तोच लागतो.

---

किल्ल्याखालचा

लेख सुरेख आहे, पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवतो. परंपरा बैजूला राजा मानसिंह तोमराच्या दरबारात ठेवते, तोच मानसिंह ज्यानं मृगनयनीसाठी गुजरी महाल बांधला आणि ध्रुपदाला मोठा आश्रय दिला. मानसिंहाचं राज्य १४८६ ते १५१६. अकबराचा जन्म १५४२चा. तानसेन रीव्याच्या राजा रामचंद्राकडून अकबराकडे आला तो १५६२च्या सुमारास. परंपरेचा बैजू धरला तर अकबरासमोर असा सामना होणं जवळजवळ अशक्य. दंतकथेला दंतकथाच म्हणावं, नाहीतर आपल्या मुलांना वाटेल की तानसेन म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यावर बंदी घालणारा दरबारी माणूस. ग्वाल्हेरच्या बेहट गावात जन्मलेल्या माणसावर हा अन्याय आहे.

---

जनकगंज

@किल्ल्याखालचा दादा, पूर्ण मान्य. आणि तुम्ही शेवटी जे म्हणालात ते मलाही टोचतं. म्हणूनच मी मुलांना सिनेमा दाखवला की त्या हिवाळ्यात तानसेन समारोहाला घेऊन जाते. शहरातल्या हजिरा भागात सूफी संत मुहम्मद ग़ौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची साधीशी कबर आहे, शेजारी चिंच. गळा गोड व्हावा म्हणून मुलं पानं चावतात, मीही चावली आहेत. समारोहाची सुरुवात सकाळी तिथेच होते. शहनाई, मग ढोलीबुवा या कीर्तनकारांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं गायन), मग कबरीवर चादर. एकाच कबरीपाशी आपलं कीर्तन आणि मिलाद एकामागून एक ऐकलेल्या मुलाला तानसेन खलनायक वाटत नाही. १९२४ सालापासून संस्थानानं हा समारोह हाती घेतला, २०२४ला शंभरावा झाला. सिनेमानं तानसेनाचं जे नुकसान केलं ते त्या एका सकाळी भरून निघतं असं मी पाहिलंय.

@तीनताल, तुम्ही लिहिलेली परंपरा मी उद्या मुलांना फळ्यावर काढून दाखवणार आहे.

@राजवाडा_चौक, तुमच्या काकांचा प्रश्न मला फार जवळचा वाटला. कुणाच्या बाजूनं व्हावं हे न कळणं, हेच तर मला त्या सिनेमाकडून मिळालं.

---

सैगलवेडा

आमच्या घरी तानसेन म्हणजे १९४३च्या ‘तानसेन’ चित्रपटातला, सैगल आणि खुर्शीद, संगीत खेमचंद प्रकाश. आजी भारत भूषणच्या सिनेमातल्या तानसेनाला मानायचीच नाही. एवढंच सांगायचं होतं. वाचतोय.

---

दौलतगंजची_लेक

मी जन्मानं ग्वाल्हेरची, आता बडोद्यात. ताई, तुमच्या स्पर्धेबद्दलच्या भूमिकेशी मी सहमत नाही आणि ते स्पष्ट लिहिते.

माझी मुलगी लाजाळू होती. घरात गायची, पाहुणे आले की आत पळायची. शाळेतल्या स्पर्धेत तिला ढकलावंच लागलं. नंबर आला नाही. पण परत येताना रिक्षात ती पहिल्या आलेल्या मुलीची ओळ गुणगुणत होती. पुढच्या वर्षी तिनं स्वतःहून नाव दिलं. आज ती इथल्या विद्यापीठात गायन शिकते, सयाजीरावांनी उस्ताद मौलाबख्शांच्या हाती सोपवलेल्या १८८६च्या गायनशाळेतून जी परंपरा आली तिथेच. स्पर्धा नसती तर ती चार भिंतींत राहिली असती. बैजूसुद्धा दरबारात गेला नसता तर त्याला कोण ओळखणार होतं? सामना वाईट नसतो. सामन्यात ऐकायचं शिकवलं नाही तर तो वाईट.

---

खर्ज

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी ज्या घरातून आलो तिथे तंबोरा घ्यायलाही पैसे नव्हते. आंतरशालेय स्पर्धेतल्या बक्षिसाच्या रकमेतून पहिली पेटी घेतली. नंबर नको हे म्हणणं ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना परवडतं. कटू वाटलं तर माफ करा, ताई. तुमच्या समोरासमोर बसवण्याच्या रीतीबद्दल मात्र आदरच आहे, मी ती माझ्या भाच्यांवर करून पाहणार.

---

जनकगंज

@खर्ज दादा, अजिबात कटू नाही. माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या घरी पेटी नाही, ती वर्गातली पेटी शनिवारी घरी नेतात. तरी तुमचा मुद्दा राहतोच, कारण सगळ्यांना असा वर्ग मिळत नाही. बक्षिसाचे पैसे ज्याला पेटी मिळवून देतात त्याला मी कुठल्या तोंडानं जाऊ नको म्हणू?

@दौलतगंजची_लेक, तुमची मुलगी रिक्षात जी ओळ गुणगुणत आली ती वाचून मी थांबले. हरल्यावर जिंकणाऱ्याची ओळ घरी आणणारी मुलगी म्हणजे माझा तलवार घेतलेला बैजूच. तिला स्पर्धेनं काही बिघडवलं नाही, कारण तिला आधीपासून ऐकता येत होतं. मला भीती त्या मुलांची वाटते जी आपला नंबर झाल्यावर सभागृहातून निघून जातात. शाळाशाळांच्या स्पर्धांत मी परीक्षक म्हणून बसले आहे. शेवटच्या मुलाचं गाणं येईपर्यंत पुढच्या चारपाच रांगा रिकाम्या. आईबापच हात धरून नेतात, मुलांचा क्लास असतो, जेवण असतं. त्या शेवटच्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. तेव्हापासून मी मुलं पाठवणं बंद केलं. तुम्ही म्हणता तसं, ऐकायला शिकवून पाठवता आलं तर? याचा मी खरंच विचार करीन. कदाचित एकच अट घालून: आपलं झालं तरी शेवटपर्यंत बसायचं, आणि घरी येऊन दुसऱ्या कुणाची तरी एक ओळ मला म्हणून दाखवायची.

---

तीनताल

ही अट फार चांगली आहे. आमच्या गुरुजींची अशीच एक शिस्त होती, दुसऱ्या घराण्याचा गवई गावात आला की क्लासला सुट्टी आणि सगळ्यांनी मैफिलीला हजर. दुसऱ्या दिवशी “काय ऐकलंत?” एवढंच विचारायचे. “आवडलं नाही” असं उत्तर चालायचं, पण कुठली जागा आवडली नाही ते गाऊन दाखवावं लागायचं.

पलुसकरांबद्दल एक राहिलं. १९२१चा जन्म, १९५५ला गेले. ‘बैजू बावरा’नंतर जेमतेम तीन वर्षं. अमीर खाँसाहेब १९७४ला कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. त्या जुगलबंदीतले दोघेही अकाली गेले याची आठवण झाली की मी ती अर्धवट बंद करू शकत नाही.

---

नवा_विद्यार्थी

नमस्कार सगळ्यांना. मी १९ वर्षांचा, मूळचा मुरैन्याचा, ग्वाल्हेरला इंजिनिअरिंगला. घरी मराठी आईकडून. कालच हा धागा वाचून सिनेमा पाहिला. खरं सांगतो, पहिला अर्धा तास जड गेला. पण तलवारीचा प्रसंग आला तेव्हा हेडफोन काढून खोलीतल्या मित्राला पण ऐकवला. आम्ही दोघांनी तो भाग तीनदा लावला. शास्त्रीय संगीतातलं मला काहीही येत नाही. कुठून सुरुवात करू? आणि या वयात शिकायला उशीर झालाय का?

---

राजवाडा_चौक

उशीर कसला भिया! माझ्या काकांनी सारंगी हातात घेतली ती नोकरीतून निवृत्त झाल्यावर. अमीर खाँसाहेबांनी सुरुवात कर असं मी म्हणणार, पण विलंबितात घाबरशील. आधी त्यांचे तराणे (अर्थाच्या शब्दांऐवजी बोलांवर गायलेल्या चीजा) ऐक.

---

जनकगंज

@नवा_विद्यार्थी, बाळा, तू मित्राला हेडफोन दिलास तिथेच सुरुवात झाली. आता क्रम सांगते, माझा आहे, दुसऱ्यांचा वेगळा असेल.

आधी ती देसीतली जुगलबंदी, पण डोळे मिटून, आणि कोण कधी गातंय हे ओळखत. दोन्ही आवाज वेगळे करता यायला लागले की पलुसकरांची तुलसीदासांची आणि मीरेची भजनं ऐक. त्यात शब्द आहेत, तुला आधार मिळेल. त्याच आवाजात मग छोटे ख्याल. त्यानंतर ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित ऐक, १८९३ ते १९८९ एवढं मोठं आयुष्य लाभलेले, म्हणजे जुन्या ग्वाल्हेरचं गाणं तुला म्हाताऱ्या पण खणखणीत गळ्यातून मिळेल. त्यांचा आवाज तुला सुरुवातीला खडबडीत वाटेल. सोडू नकोस. अमीर खाँसाहेबांचा मारवा सर्वात शेवटी, संध्याकाळी, आणि मध्ये फोन घेऊ नकोस.

शिकायचं असेल तर शनिवारी दुपारी ये. माझ्याकडे मोठ्यांचा वर्ग नाही, पण भूपात समोरासमोर बसायला मुलांना एक जण कमी पडतोय. ती तुझ्यापेक्षा लहान आहेत आणि तुला पहिल्याच दिवशी निषादावर सोडतील, सांगून ठेवते. मित्रालाही आण. आणि डिसेंबरमध्ये समारोहाच्या पहिल्या सकाळी आम्ही सगळे हजिऱ्याला जाणार आहोत. थंडी फार असते, स्वेटर आणि शाल दोन्ही लागतात. हरिकथा लवकर सुरू होते, तेव्हा जागा मिळवायची तर आधी पोहोचावं लागेल. @दौलतगंजची_लेक, तेव्हा माहेरी असाल तर मुलीला घेऊन या. तिच्याकडून ती रिक्षातली ओळ ऐकायची आहे.

---

दौलतगंजची_लेक

येतोय. तिला आत्ताच फोन करून विचारलं, ती ओळ अजून पाठ आहे.